फायर पिस्टनने विस्तव पेटवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायर पिस्टन हातात घेतलेल्या मंडळींकडून जे प्रश्न सारखे येत राहतात, ते इथे एका जागी केले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते: तळहात लाल झाला, पण पेटलं काही नाही. घाई असेल तर थेट प्रश्न ८ वाचा. सवड असेल तर सुरुवातीपासून वाचा, म्हणजे ८ चं उत्तर अर्धं आपोआप कळेल.

१. फायर पिस्टन म्हणजे नेमकं काय?

एका टोकाला बंद असलेली नळी आणि तिच्यात घट्ट सरकणारा दट्ट्या, एवढंच. दट्ट्याच्या टोकाला छोटा खळगा असतो. त्यात चटकन धरणारं काहीतरी, बहुधा कोळसा केलेली सुती चिंधी, बसवतात. दट्ट्यावर तळहाताने एक सणसणीत फटका मारला की आतली हवा क्षणात दाबली जाते, तापते आणि चिंधी धरते. दट्ट्या बाहेर काढला की टोकाला लाल ठिपका दिसतो. ज्वाला नाही, ठिपकाच. त्यातून जाळ काढणं हे निराळं काम आहे. ते प्रश्न १० मध्ये.

२. नुसती हवा दाबून आग कशी लागेल? हे काही पटत नाही.

सायकलला हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम होतो, तो आधी हात लावून बघा. घर्षणाचा वाटा त्यात थोडा असतो. मुख्य उष्णता हवा दाबल्याची असते. दाबताना तुम्ही जे काम करता ते हवेत उष्णतेच्या रूपाने जमा होतं. सावकाश दाबलं तर ती उष्णता नळीच्या भिंतीत झिरपून जाते. झटक्यात दाबलं तर तिला बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

२७ अंश सेल्सियसची हवा मूळ आकारमानाच्या दहाव्या हिश्शात दाबली, तर हिशोबाने तापमान ४८० अंशांच्या आसपास जातं. पंधराव्या हिश्शात ६१० च्या पुढे, विसाव्या हिश्शात ७२० च्या आसपास. हा कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात भिंती थोडी उष्णता खातातच, त्यामुळे आकडे खाली येतात, पण चिंधी धरायला पुरतील एवढे उरतात. म्हणून विसाच्या आसपासचं गुणोत्तर, म्हणजे मूळ आकारमान दाबलेल्या आकारमानाच्या किती पट ते, धरून चालायचं. दहावर अडकलात तर काम नशिबावर गेलं.

३. याचा शोध कोणी लावला? डिझेल इंजिन यावरूनच निघालं म्हणतात, खरं का?

आग्नेय आशियात हे साधन फार जुन्या काळापासून वापरात होतं: ब्रह्मदेशातले काचिन आणि शान, लाओसमधले ख्मू, मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ, फिलिपिन्स. नळ्या बांबूच्या, लाकडाच्या, म्हशीच्या शिंगाच्या. बोर्निओतले इबान लोक तर शिशाच्या ओतीव नळ्या करत. हवा निसटू नये म्हणून सील लागतं, त्यासाठी टोकाला दोरा गुंडाळून त्यावर चरबी किंवा मेण. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाचे हेन्री बाल्फर यांनी १९०७ साली या साधनावर सविस्तर निबंध लिहिला.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रान्समध्ये ल्याँचे प्राध्यापक जोसेफ मोले यांनी हा परिणाम विद्वानांपुढे मांडला. १८०७ मध्ये इंग्लंडमध्ये त्यावर पेटंटही निघालं. काही वर्षं तो घरात वापरलाही गेला. मग १८२७ मध्ये जॉन वॉकरच्या घर्षणाच्या काड्या विकायला आल्या आणि पिस्टन मागे पडत गेला.

आता डिझेल. रुडॉल्फ डिझेल म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी होता, हे पक्कं. लिंडे यांनी पेनांगहून आणलेला फायर पिस्टन वर्गात पेटवून दाखवला आणि डिझेलला कल्पना सुचली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ऐकायला छान आहे. पण डिझेलचा सगळा ध्यास कार्नोच्या सिद्धान्ताजवळ (उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल याची मर्यादा) जाणारं इंजिन करण्याचा होता, त्यामुळे सगळं श्रेय एका नळीला देऊ नये असं मला वाटतं. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला इंजिन नीट चाललं. तत्त्व मात्र दोन्हींत तेच आहे. विहिरीवरचं जुनं हँडलचं इंजिन ज्यांनी चालू केलंय त्यांना हे लगेच उमगेल: आधी डीकंप्रेशनचा, म्हणजे आतला दाब सोडून देणारा, खटका उचलून चाकाला गती द्यायची, मग खटका सोडायचा. संथ फिरणारं इंजिन पेट घेत नाही, ते याच कारणाने.

४. आपल्याकडे पूर्वी काय वापरायचे?

चकमक. गारगोटीवर पोलादाचा तुकडा झाडायचा आणि ठिणगी सावरीच्या कापसावर किंवा जळक्या चिंधीवर झेलायची. यज्ञातला अग्नी अरणीच्या मंथनाने काढतात, तो घर्षणाचा प्रकार. फायर पिस्टन या दोन्हींहून वेगळा असला तरी त्याच्या खळग्यात जे जातं ते चकमकीच्या बटव्यातलंच. घरात कोणाला चकमक येत असेल तर पिस्टनचं अर्धं शिक्षण झालेलं आहे.

कोकणातल्या वाचकांसाठी एक जोडटीप: मलायात टिंडर (ठिणगी चटकन धरणारी वस्तू) म्हणून कॅरिओटा जातीच्या माडाच्या पानांच्या बुंध्याशी सुटणारी मऊ लव वापरत. आपला भेर्ली माड त्याच कुळीतला, कॅरिओटा युरेन्स. परसात असेल तर वाळलेली लव खरवडून प्रयोग करायला हरकत नाही. माझ्या हातात मात्र चारक्लॉथच, म्हणजे कोळसा केलेली सुती चिंधीच, असतं.

५. विकत घ्यावा की लेथवाल्याकडून करून घ्यावा? मापं सांगा.

शिकण्यासाठी विकत घेतलेला बरा, कारण मग चूक साधनात आहे की हातात हा घोळ राहत नाही. करूनच घ्यायचा असेल तर पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी, आतला व्यास ८ ते १० मिमी, आतली लांबी १०० मिमीच्या आसपास. आतून ती आरशासारखी गुळगुळीत हवी. ड्रिलचे ओरखडे राहिले तर सील टिकणार नाही, म्हणून लेथवाल्याला रीमर मारून पॉलिश करायला सांगा. दट्ट्याच्या टोकाला ३ ते ४ मिमी खोल खळगा, त्याच्या थोडं वर ओ-रिंगसाठी (सील म्हणून बसवायची रबराची गोल कडी) खाच. ओ-रिंग नायट्राइल या कृत्रिम रबराची घ्या. बेअरिंग आणि हायड्रॉलिकच्या सुट्या भागांच्या दुकानात ती माप सांगून मिळते. वर तळहाताला लागणार नाही अशी रुंद गोल मूठ.

एक गोष्ट लेथवाले हमखास चुकवतात, ती म्हणजे तळाशी उरणारी जागा. आतली लांबी १०५ मिमी धरा. दट्ट्या पूर्ण खाली गेल्यावर ५ मिमीइतकीच हवा उरली, तर गुणोत्तर २१ आणि तापमान हिशोबाने ७४० अंशांच्या घरात. तीच जागा १० मिमी राहिली तर गुणोत्तर साडेदहा आणि तापमान ४९५. पाच मिलिमीटरच्या फरकात सगळा खेळ बिघडतो. खळग्यातली जागाही यात धरायची असते.

मोजायचं असेल तर मुलांच्या चिकणमातीची छोटी गोळी नळीच्या तळाशी टाका, ओ-रिंग काढून दट्ट्या टेकेपर्यंत दाबा आणि चपटी झालेली गोळी बाहेर काढून तिची जाडी पट्टीने बघा.

६. आत काय घालायचं? चारक्लॉथ घरी कसं करतात?

शंभर टक्के सुती कापड. जुनं धोतर, बनियन, पायजम्याची नाडी, काहीही चालेल. पॉलिएस्टर मिसळलेलं नको, ते वितळून चिकट होतं. खात्री नसेल तर एक धागा जाळून बघा: राख झाली तर सुती, कडक मणी झाला तर नाही.

झाकणाच्या छोट्या पत्र्याच्या डबीला खिळ्याने एक भोक पाडा. आत चिंध्या सैल रचा, झाकण लावा, डबी मंद आचेवर ठेवा. भोकातून पांढरा धूर येऊ लागेल. हे अंगणात किंवा गच्चीवर करा. स्वयंपाकघरात केलंत तर घरातले दोन दिवस बोलतील. धूर थांबला की डबी उतरवा, भोक काडीने बुजवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकण उघडलं तर हवा लागून सगळं पेटतं आणि हाती राख येते. नीट झालेली चिंधी काळीभोर असते, हाताने सहज फाटते, पण चुरा होत नाही. तपकिरी राहिली तर पुन्हा डबीत. बोटांत धरताच भुगा झाला तर आच जास्त झाली.

७. कृती एकदा क्रमाने सांगा.

ओ-रिंगला वंगणाचं पातळ बोट फिरवा. चिंधीचा ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा घ्या, कडा जराशा पिंजा आणि खळग्यात बसवा. तो सैल नसावा, ठासलेलाही नसावा. थोडी पिंजलेली कड खळग्याबाहेर डोकावू द्या, कारण पहिल्यांदा तीच धरते. दट्ट्या नळीच्या तोंडाशी सेंटिमीटरभर सरळ घाला. नळी सपाट दगडावर किंवा लाकडी ठोकळ्यावर उभी धरा. मांडीवर किंवा गवतावर धरली तर फटक्याचा जोर खाली जिरतो.

आता मूठ एका फटक्यात तळापर्यंत न्यायची. ढकलायची नाही, मारायची. आणि तितक्याच चटकन बाहेर ओढायची. आतला प्राणवायू मुळातच चिमूटभर असतो. तो संपला की पेटलेला ठिपकाही विझतो. नवशिके खाली पोचल्यावर क्षणभर थांबतात, तिथेच ठिपका जातो. बाहेर काढल्यावर हलकी फुंकर घाला, लाली पसरताना दिसेल.

८. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी पेटत नाही. काय चुकतंय?

आधी हात बाजूला ठेवा आणि साधन तपासा. चिंधी न घालता दट्ट्या हळूहळू अर्ध्यापर्यंत दाबा आणि सोडून द्या. सील चांगलं असेल तर तो आपणहून वर उसळतो, जवळजवळ होता तिथे. थोडा वर येऊन थांबला, किंवा आलाच नाही, तर हवा निसटतेय. मग कितीही दणके मारा, फळ नाही.

हवा निसटत असेल तर ओ-रिंग काढून उजेडात, बोटाने ताणून बघा. बारीक चीर, चपटा झालेला भाग, एखादा आडवा ओरखडा, यांतलं काहीही पुरतं. ओ-रिंग धड असेल तर नळीत कोरड्या कापडाचा बोळा फिरवून बघा. वाळूचा एक कण अडकला तरी सील उचललं जातं. वंगण सुकलं असेल तेही बघा. बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

सील उत्तम, तरी पेटत नाही, तर चिंधीकडे वळा. एक तुकडा चिमट्यात धरून त्यावर काडीपेटीची किंवा चकमकीची ठिणगी पाडा. लगेच लाल होऊन पसरली तर चिंधी ठीक. नाही झाली तर ती ओली आहे किंवा नीट जळलेली नाही. ओलाव्याबद्दल प्रश्न १२.

दोन्ही ठीक असतील तर खळगा बघा. चिंधी ठासून भरली की पेटायला मोकळी कड उरत नाही. शिवाय मागच्या वेळची राख तळाशी घट्ट बसलेली असते. ती सुईने खरवडा. आणि साधन घरी बनवलेलं असेल तर तळाची जागा मोजा, प्रश्न ५ प्रमाणे. एवढं करून मगच वेगाचा विचार करायचा. वेग कमी पडणारे असतात, नाही असं नाही, पण वाटतात त्याहून फार थोडे.

९. मनगटात जोर कमी आहे. मला जमेल का? वडील सत्तरीचे आहेत, त्यांना?

जमेल, व्यास बघून घेतलात तर. विसाव्या हिश्शापर्यंत झटक्यात दाबलं तर आतला दाब हिशोबाने वातावरणाच्या ६६ पटींपर्यंत जातो. १० मिमी व्यासाच्या नळीत शेवटच्या क्षणी हाताला जाणवणारा भार ५० किलोच्या थोडा वर भरतो. ८ मिमीमध्ये तो ३४ किलोच्या आसपास, १२ मिमीमध्ये ७५ च्या पुढे. जाड नळी दणकट दिसते म्हणून लोक घेतात आणि मग स्वतःला दोष देत बसतात. तळहात दुखत असेल तर मुठीवर जाड कापड बांधा, किंवा नळी उलटी धरून मूठ दगडावर टेकवा आणि दोन्ही हातांनी नळी खाली आपटा. वडिलांचं मनगट किंवा खांदा दुखरा असेल तर त्यांना हे करायला लावू नका. चारक्लॉथ करायचं काम त्यांना द्या, ते आपल्यापेक्षा नीट करतील.

१०. ठिपका मिळतो, पण जाळ होत नाही.

ठिपका थेट काटक्यांवर टाकून उपयोग नाही. मध्ये त्याला वाढवणारं काहीतरी लागतं. गोवरीचा कोरडा भुगा त्यासाठी फार चांगला: ठिपका त्यात घातला की तो धुमसत मोठा होत राहतो आणि तुम्हाला पुढची तयारी करायला वेळ मिळतो. मग हा निखारा नारळाच्या पिंजलेल्या शेंडीत किंवा चुरगाळलेल्या वाळक्या गवतात ठेवून, ते हातात सैल धरून खालून फुंकायचं. धूर दाट आणि पिवळसर झाला की जाळ जवळ आला. सावरीचा कापूस एकटा वापरू नका, भक्कन जळून जातो. शेंडीत थोडा मिसळा. काड्या, चिपाड, जाड लाकूड ही रचना फटका मारण्याआधी तयार हवी.

११. वंगण कोणतं?

नायट्राइल ओ-रिंग असेल तर व्हॅसलीन किंवा सिलिकॉन ग्रीस. नैसर्गिक रबराच्या किंवा ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराच्या रिंगला व्हॅसलीन लावू नका, ती फुगते. त्यांना सिलिकॉन. दोऱ्याचं सील असेल तर मेण आणि खोबरेल एकत्र वितळवून. सगळ्यांत महत्त्वाचं, थर पातळ ठेवा. जास्तीचं वंगण फटक्यासरशी खळग्यात उडतं आणि चिंधी तेलकट होते.

१२. पावसाळ्यात चालतो का?

नळी आतून कोरडी असेल तर हो. अडचण चिंधीची असते. कोळसा हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि जुलैत कोकणात डबी उघडी राहिली की ती चिंधी गेली. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. सर्दावली तर तव्यावर मंद आचेवर कोरडी करा, पण धरू देऊ नका. नळीत पाण्याचा थेंब राहिला असेल तर उष्णता त्याची वाफ करण्यात जाते. दट्ट्या लावूनच नळी ठेवलीत तर हा प्रश्न येत नाही.

१३. लडाखला किंवा हिमालयातल्या ट्रेकला नेला तर उंचीवर पेटेल?

पेटतो. तापमान किती पट चढणार हे गुणोत्तरावर ठरतं, बाहेरच्या दाबावर नाही. ५ अंशांच्या थंडीत सुरुवात केली तरी विसाच्या गुणोत्तराला हिशोबाने ६५० च्या आसपास पोचता. पण लेहच्या उंचीवर हवा आपल्या किनाऱ्याच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांशच असते, म्हणजे नळीत उष्णता आणि प्राणवायू दोन्ही कमी. ठिपका बारीक येतो आणि लवकर विझतो, म्हणून चिंधी उत्तम हवी आणि हात चटकन मागे यायला हवा. थंडीने वंगण घट्ट होतं. नळी थोडा वेळ खिशात किंवा काखेत ठेवा.

१४. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत साधा कापूस पेटलेला पाहिला. माझ्या पिस्टनमध्ये कापूस का पेटत नाही?

त्या नळीत कापसाचे दोन-चार तंतू असतात. ते क्षणभर उजळतात, प्राणवायू संपतो, विझतात. दाखवण्यापुरतं ते पुरे असतं. तुम्हाला टिकणारा ठिपका हवा आहे, आणि साधा कापूस तो देत नाही. शिवाय त्याला चारक्लॉथपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. दोन वेगळी कामं आहेत.

१५. खळग्यात कापूर ठेवला तर? पेट्रोलचा थेंब? सॅनिटायझर?

नाही, नाही आणि नाही. कापूर ज्वालेने जळतो, निखारा धरून ठेवत नाही, आणि वितळून सीलला चिकटतो. पेट्रोल किंवा स्पिरिटची वाफ दाबलेल्या हवेत पेटली तर दाब एकदम उसळतो. दट्ट्या तळहातात घुसतो किंवा नळी फुटते. कापराची वडी शेंडीच्या किंवा गवताच्या पुंजक्यात ज्वाला आल्यावर घाला, तिथे ती मदतच करते.

१६. ट्रेकमध्ये, जंगलात वापरता येईल का?

पेटवण्याचं साधन कोणतंही असो, नियम तोच. राखीव वनात विस्तव पेटवण्यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ चे निर्बंध आहेत. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम ३०. महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. त्या काळात सह्याद्रीतलं गवत कसं असतं ते सांगायला नको. सराव अंगणात, शेतात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून करा. खळग्यातून उडालेला चिंधीचा कण विझलेला दिसला तरी धुमसत असू शकतो.

१७. मुलांच्या विज्ञान शिबिरात दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

पारदर्शक नळी जाड अ‍ॅक्रिलिकची घ्या आणि तडा गेलेली ताबडतोब बाद करा. फटका मोठ्या माणसाने मारावा, सगळ्यांना गॉगल. अंधारी खोली केलीत तर उजेडाचा झपका मागच्या रांगेलाही दिसतो. त्याआधी सायकलचा पंप मुलांच्या हातात द्यायला विसरू नका.

१८. फटका मारल्यावर दट्ट्या आत अडकतो, ओढूनही निघत नाही. फुटलं का काही?

फुटलेलं नाही. फटक्याच्या वेळी थोडी हवा सीलच्या बाजूने बाहेर निसटली, आणि आता दट्ट्या ओढताना आत पोकळी तयार होतेय. बाहेरचा वातावरणाचा दाब त्याला खाली दाबून धरतो. म्हणजे हे अडकणं खरं तर सील किंचित गळत असल्याची खूण आहे. मूठ फिरवत फिरवत ओढा, पिरगाळल्याने रिंगेच्या बाजूने हवा आत शिरते आणि दट्ट्या सुटतो. पक्कडीने नळी पकडू नका, पातळ नळी चेपते आणि मग ती कायमची गेली. सुटल्यावर ओ-रिंग बदला. रोज सराव करत असाल तर चार-पाच ओ-रिंग चारक्लॉथच्या डबीतच टाकून ठेवा.